एका बोटाचं काजळ

डॉक्टरांनी ओल्या कापसानं हौसाचा उजवा डोळा पुसला, तर कापूस काळा झाला. दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसराही काळाच. "बाई, हे काजळ आहे की डांबर?" ते म्हणाले. निमगाव केतकीपासून बारामतीपर्यंत पोर सर्व्हिस मोटारीत माझ्या मांडीत तोंड खुपसून कण्हत आली होती. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

काजळ निघालं तेव्हा खालचं दिसलं. बुबुळावर बाजरीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग होता. घरातली आम्ही सगळी रोज त्या डोळ्यात बघत होतो, पण काजळाच्या राडीत तो कुणालाच दिसला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "ह्याला कॉर्नियल अल्सर म्हणतात. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच. त्या काचेला जखम झाली आहे. डोळा राहील असं वाटतं. नजरेचं आज सांगता येणार नाही."

हौसा माझी थोरली, दुसरीत शिकत होती. अलीकडं पाटी नाकाला लावून वाचायची आणि मी ओरडायचे. आता ते आठवलं. नजर गेली तर पोरीचं शिकणं गेलं, लग्न जमायचं गेलं, सगळंच गेलं.

ज्यांची लेकरं शाळेत जातात त्या बायांसाठी हे लिहितेय. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेवढ्यात भागवून घ्या.

डोळ्यांची साथ आमच्याकडं दरसाल येते. हस्ताचा पाऊस मधेच उघडीप देतो, ऊन तापतं, चिलटं उठतात, आणि लेकरांचे डोळे लालभडक होतात. नेमका तोच हादग्याचा वखत. शाळेच्या अंगणात पाटावर हत्ती काढायचा आणि पोरींनी त्याच्याभोवती फेर धरायचा. मास्तरांनी घरोघर सांगून पाहिलं, "डोळे आलेलं मूल शाळेत धाडू नका." ऐकतंय कोण? दसऱ्याचं पाटीपूजन तोंडावर आलेलं. पोरगी घरी ठेवावी तर ती घर डोक्यावर घेणार. त्यात आमच्या पानमळ्यात खुडणी चाललेली, तिच्यापाशी बसणार कोण? सगळ्यांनी आपापली लेकरं धाडली, तशी मीही धाडली.

आता काजळाचं सांगते. आमच्या वन्सं, म्हणजे मालकांची थोरली बहीण, ऐन उमेदीत विधवा होऊन आमच्याच घरी राहिल्या. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नाही, लग्नात त्या मागच्या दारी भांडी घासत बसतात. पण काजळ मात्र सगळ्या गावाला त्यांच्याच हातचं लागे. एरंडेलाचा दिवा लावायचा, वर तांब्याचं ताट पालथं घालायचं, धरलेली काजळी लोण्यात खलायची. डोळ्याला गार पडतं म्हणत. कुणाचे डोळे आले की बाया लेकरू घेऊन आमच्या दारात हजर. हादग्याला तर पोरींची रांगच लागायची. वन्सं डबी मांडीवर घेऊन बसायच्या आणि एकामागून एक सगळ्यांचे डोळे आंजायच्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडावरचा आनंद बघण्यासारखा असायचा.

दवाखान्यात मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "सगळ्यांना एकाच बोटानं?"

"मग काय दर पोरीला नवं बोट आणायचं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते हसले नाहीत. "एकीच्या डोळ्यातला पू दुसरीच्या डोळ्यात गेला," ते म्हणाले. "आणि जखम झाली ती काजळाखाली झाकली. आठवडाभर आधी आला असता तर बरं झालं असतं."

वन्संना एकट्यांना बोल लावू नका हां. हळदीच्या पाण्यात बुडवलेलं एकच फडकं आमच्या घरात सगळ्या लेकरांच्या डोळ्यांवरून फिरत होतं. शिवाय माझा पदर होताच. नाक पुसायला पदर, तोंड पुसायला पदर, डोळे पुसायला पदर. असा पदर कुठल्या आईचा नसतो?

बारामतीत माझा भाऊ राहतो, म्हणून टेकायला जागा मिळाली. रोज सकाळी हौसाच्या डोळ्यावर पट्टी आणि डोक्यावरून लुगड्याचा पदर घेऊन मी दवाखान्याच्या ओसरीत बसायचे. नंबर लागेपर्यंत ऊन अंगावर यायचं. डॉक्टर बोरिकच्या पाण्यानं डोळा धुवायचे, मग ॲट्रोपीनचे थेंब घालायचे. हे औषध घातलं की बाहुली मोठी होते, आतलं ठणकणं कमी होतं, पण उजेड सोसत नाही. त्यांनी आधी सांगितलं होतं, तरी ती मोठी झालेली काळी बाहुली बघून मी घाबरले. तुमच्यावर वेळ आली तर घाबरू नका, औषध उतरलं की ती लहान होते.

मधूनमधून ते डोळ्यात एक रंगाचा थेंब टाकायचे. जखम असेल तेवढीच जागा हिरवी दिसते. पहिल्यांदा हिरवं बघितलं, नंतर ते आणखी मोठं झालेलं बघितलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

ओसरीत डाळज गावचे एक म्हातारबा मोतीबिंदूसाठी आले होते. त्यांनी विचारलं, "कंचा डोळा, बाय?"

"उजवा."

"डावा हाय न्हवं? मग भागलं की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हाताऱ्याला स्वतःला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. सरकून त्यांना भिंतीकडं टेकायला जागा दिली.

मालक पानांच्या डालग्या घेऊन बाजाराला आले तेव्हा भेटून गेले. हौसाला त्यांनी पेढा दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आक्का जेवंना झालीया. ताट चुलीत टाकलं तिनं, तांब्याचं."

"मी त्यांना काय बोलले का?"

"न्हाय. त्येच तर तिला लागलंय."

खरं सांगते, तेव्हा मला वन्संची दया आली नाही. माझ्या अंगात दयेपुरतीही ताकद नव्हती.

हळूहळू हिरवं कमी होत गेलं आणि एका सकाळी दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, "जखम भरली. आता नजर बघू. डावा डोळा झाक." हौसानं हात डोळ्यावर धरला. त्यांनी बोटं दाखवली. ती पटापट सांगत सुटली, तीन, एक, पाच. मला रडूच फुटलं. डॉक्टर मात्र खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्वतःचा तळवा तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. पोरगी बोटांच्या फटीतून बघत होती!

"आता सांग."

हौसा म्हणाली, "उजेड दिसतुया."

"बोटं?"

"न्हाय. मला घरी जायचंय. शाळा बुडतीया माझी."

मी बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसले.

डॉक्टरांनी समजावलं. जखम भरली तरी व्रण राहतो, त्याला ओपॅसिटी म्हणतात. हातावर व्रण राहिला तर नुसता दिसतो, डोळ्याच्या काचेवर राहिला तर तो नजर अडवतो. पण लहान वयात व्रण थोडा विरतो. त्यांनी पिवळं मलम दिलं आणि म्हणाले, "वर्षभर नेमानं लावा. किती विरेल ते मी सांगू शकत नाही. डाव्या डोळ्यानं तिला शाळेत खुशाल बसू द्या."

गावी परत आल्यावर आधी मास्तरांकडं गेले आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तेच तुम्हाला सांगते. डोळे आलेलं लेकरू घरी ठेवा, पाटीपूजन असलं तरी. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे धुवा, दर लेकराचं फडकं वेगळं ठेवा आणि वापरलं की उन्हात टाका. डोळ्याला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. थुंकीनं पाटी पुसून तोच हात डोळ्याला नेऊ देऊ नका. काजळ घालूच नका. आणि लेकरू उजेडाला तोंड लपवायला लागलं, तर घरात बसून औषधं करू नका, मोटार धरा.

परत आल्यावर मी वन्संशी अबोला धरला होता. तो सुटला हौसामुळं. ती रोज मलम लावून घेतलं की डावा डोळा झाकून आत्यासमोर उभी राहायची. "आत्या, तू पांढरी दिसतीयास." महिन्या-दोन महिन्यांनी, "आत्या, तुजं डोस्कं दिसतंय." मग, "नाक हाय काय तितं?" वन्सं शिक्षा भोगल्यासारख्या तिच्यासमोर बसून राहायच्या.

पुढच्या साली हादगा आला. वस्तीवरच्या बाया लेकी घेऊन दारात आल्याच. मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "काजळ न्हाय."

"अगं, उगं येक बोट फिरव. एका पोरीला झालं म्हून काय सगळ्यांस्नी हुतंय व्हय?"

हौसा चटदिशी पुढं झाली. तिनं उजव्या डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढली आणि एकेकीच्या तोंडापुढं तोंड नेलं. "बगा. नीट बगा." व्रण विरला होता, पण होता. एक बाई मागं सरकली. दुसरीनं आपली पोरगी पोटाशी धरली. मग सगळ्या निघून गेल्या.

"हात धुऊन ये आधी, डोळ्याला लावलास!" वन्सं ओरडल्या.

हौसा हात धुऊन आली. तळव्यानं डावा डोळा गच्च झाकला, बोटं घट्ट मिटून, फट न ठेवता. आणि आत्याकडं बघत उभी राहिली. वन्संना तिच्या त्या ताठ उभं राहण्याचं हसू आलं.

"आत्या," हौसा म्हणाली, "तू हसलीस. दात दिसलं मला."

वन्संनी पदर डोळ्याला लावला आणि हुंदके देत खाली बसल्या. मलाही रडू आवरेना. मी दोरीवरचं धुतलेलं फडकं ओढलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "पदर नको, वन्सं. ह्यानं पुसा."