केस विरळ, मत कळवा

आमच्या भागातल्या डॉक्टरांना मोबाईल नीट वापरायला शिकवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. ती मला कुणी दिली, हे आता कुणीच कबूल करत नाही.

औरंगपुऱ्यात माझा दवाखाना. अवघड पेशंटबद्दल एकमेकांना विचारता यावं म्हणून डॉक्टरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच काढला, 'केस चर्चा' नावाचा. वर नियमही मीच केला, की इथं फक्त मराठी! त्यामुळे 'रेअर केस'ला आम्ही सगळे 'विरळ केस' म्हणू लागलो. (स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला कधी कुणाची मदत लागत नाही.)

तर, आमच्या लेकीनं, सईनं, लग्न ठरवलं. मुलगा वाळूजला इंजिनिअर, त्याचे वडील हर्सूलचे सर्जन. रविवारी ती मंडळी बोलणी करायला येणार, म्हणून सईचा जीव टांगणीला लागलेला. आणि फुलंब्रीच्या माझ्या बहिणीला विचारल्याशिवाय आमच्या घरातले पडदेसुद्धा बदलत नाहीत! तेव्हा तिला मुलाचा फोटो पाठवायला बायकोनं मला सांगितलं.

"आणि नीट लिहा हो! मुलगा गुणी आहे, हसरा आहे, केस तेवढे थोडे विरळ आहेत, पण आम्हाला पसंत आहे. तुमचं मत कळवा."

जन्मभर प्रिस्क्रिप्शन खरडलेल्या माणसाला एवढं लांबलचक लिहवत नाही. मी लिहिलं, 'वय एकोणतीस. केस विरळ. मत कळवा.' आणि दिलं पाठवून.

थोड्या वेळानं बहिणीचा फोन. "दादा, फोटू कुठंय रं? मी कवाची वाट बघायलेय!"

"अगं, पाठवला की!"

"नाय आला! मला काय दिसत नाय व्हय?"

मी मोबाईल उघडून बघितला. फोटो 'केस चर्चा'वर! चर्चाही जोरात सुरू झालेली.

'डोळे पिवळसर वाटतात. कावीळ?'

'कुर्ता पिवळा आहे हो! पण डावा खांदा खाली आहे. एक्स-रे काढा.' (पोरगा मोटारसायकलला टेकून उभा होता!)

'पेशंट विनाकारण हसतोय. हे कधीपासून?' हे मानसोपचारवाले.

जुन्या शहरातल्या मित्रानं लिहिलं, 'डाक्टरसाब, बच्चे का थायरॉइड करा लो!' त्यावर दोघांनी त्याला 'मराठीत लिहा' म्हणून दटावलं.

मी तातडीनं मेसेज डिलीट केला. "झालं! उडवला!" मी जाहीर केलं.

सईनं मोबाईल हिसकावला. "बाबा! तुम्ही फक्त स्वतःच्या मोबाईलमधनं उडवलाय! बाकी सगळ्यांना दिसतोय!"

"मग पुन्हा उडवतो की."

"तुमच्याकडं आता तो नाहीच, तर उडवणार काय? आणि लोकांना शिकवता हे?"

"तो धडा पुढच्या महिन्यात आहे," मी पुटपुटलो.

"अहो," बायकोनं मध्येच विचारलं, "मुलाचे वडील आहेत ना त्या ग्रुपवर?"

सईच्या डोळ्यांत पाणी बघून मात्र मी खरोखर घाबरलो. पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं असतं, तर ते माझ्या अंगठ्यानं मोडलं असतं.

तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, 'केस गंभीर दिसते. नातेवाईकांना कल्पना दिली का?'

खाली हर्सूलहून उत्तर आलं, 'नातेवाईकच बोलतोय. पेशंटचा बाप.'

मी लगेच त्यांना फोन लावला. माफी मागायला तोंड उघडतोय, तोच पलीकडून हसण्याचा गडगडाट.

"अहो डॉक्टर, एवढ्या तज्ज्ञांनी पोराला फुकटात तपासलं! आता मुहूर्तच काढू. रविवारी येतोच. पण ग्रुपवर एक केस मीही टाकतो हं!"

सईनं मला मिठीही मारली आणि चिमटाही काढला. मी सुस्कारा सोडून मोबाईल उघडला. व्याह्यांनी चक्क माझाच फोटो टाकला होता, ट्यूबलाईटखाली भाषण ठोकतानाचा. डोकं असं चकाकत होतं, की ट्यूबलाईट कुठली आणि मी कुठला ते कळू नये. खाली लिहिलेलं, 'केस बघा. मत कळवा.'

त्वचारोगतज्ज्ञांनी क्षणात उत्तर दिलं, 'ही केस गेली.'

ग्रुप काढल्यापासून निदानावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं, आणि एकानंही दुसऱ्या डॉक्टरला दाखवून या म्हटलं नाही!