नेम चुकलेला खुनी

ओल्या सरकीचा वास आला की मला उर्दू कादंबऱ्यांतला, पैसे घेऊन माणसं मारणारा एक खुनी आठवतो. निजामाच्या अमलाची शेवटची वर्षं होती आणि हैदराबादेत उर्दूतून बी.ए. झालेला आमच्या अख्ख्या गावात मी एकटाच होतो. त्या खुन्यावरच्या कादंबऱ्यांचा नवा भाग तेरच्या बाजारात मिळाला, की दुपारी ओसरीवर कापसातली सरकी काढणाऱ्या बायांना मी तो मराठीत करून सांगायचो. एकदा खुन्यानं एका तरण्या पोरावर बंदूक रोखली आणि शेजारच्या मावशींचे हात थांबले. त्यांचा एकुलता लेक निजामाशी लढायला सरहद्द ओलांडून बार्शीकडच्या कॅम्पात गेला होता, त्याची काही खबर नव्हती. "त्याला मारू नगंस, लेकरा." मी म्हणालो, "मावशी, तसं छापलंय. माझ्या हातात काय हाय?" "छापलेलं आमाला कुठं कळतंय? तूच सांगतूस की." दुसरी बाई म्हणाली, "एवढा शिकलास अन् एक पोरगं वाचवता येत न्हाय व्हय?" मी खुन्याचा नेम चुकवला. मग पुढच्या प्रत्येक भागात ते पोरगं मलाच जगवावं लागलं. कधी त्याला आजोळी धाडलं, कधी तापानं निजवलं, पार थकून गेलो. निजामाचं राज्य गेलं, कॅम्पातली पोरं परतली, मावशींचा लेक आला नाही. कादंबऱ्याही बंद पडल्या. तरी मावशी विचारायच्या, "त्यो पोरगा हाय न्हवं अजून?" मावशींना जाऊनही आता कैक वर्षं झाली, पण सरकीचा वास आला की मी अजून त्या पोराला पुढच्या गावाला पोचवत असतो.