दोघांपुरती गाडी

अकोल्याहून पातूरकडे निघालं की गाव सरता सरता डाव्या हाताला एक नर्सरी लागते. ती चालवणाऱ्या गीतांजलीला नावाने ओळखणारे थोडे. ‘जीपवाली बाई’ म्हटलं की मात्र कोणताही ऑटोवाला बरोबर दारात आणून सोडायचा. यंदा तेही अवघड झालं. कारण दिवाळी होताच तिने ती जीप देऊन टाकली, आणि बदल्यात जी गाडी आणली तिला काय म्हणावं हे त्या रस्त्यावर कोणाला ठरवता येईना.

जीप कापडी टपाची होती. पावसाळ्यात टप लावायचा, एरवी सोडून मागे गुंडाळून ठेवायचा. माळ्याच्या घरातली गाडी, तेव्हा मागे झेंडूच्या पाट्या आणि गुलाबाची कलमं ठरलेलीच. पण त्यांच्यावर, त्यांच्यामध्ये आणि त्यांना मांडीवर घेऊन माणसंही बसायची. शेजारची बाळंतीण जीपमधून घरी आली, भावकीतले नवरदेव जीपमधून मिरवले, आणि कोणाच्या पाहुण्याची रेल्वे असली की “गीतावहिनी, तुम्ही तिकडं जातच असाल नं” हे ऐकू यायचं. ती तिकडे जात नसली तरी जायची. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही. नवरा देवीदास हायस्कुलात भूगोल शिकवायचा. त्याला गाडी चालवता येत नव्हती, पण शेजारी बसून हवेत ब्रेक मात्र तो सतत दाबायचा.

त्यात पुढची सीट सासूची, पार्बताबाईची. पार्बताबाईचे गुडघे गेलेले. एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. बंद गाडीत बसवलं की दोन वळणांत उलटी. ऑटो गावापुरता; लांबच्या रस्त्याला उघडी जीप तेवढी तिला मानवायची. गीतांजलीने वेल्डरकडून जीपला खास एक बुटकी पायरी लावून घेतली होती, सीटवर कापसाची गादी शिवली होती. पदर कानामागून घट्ट बांधून पार्बताबाई त्या गादीवर बसली की रस्त्यातल्या प्रत्येक वावराची पाहणी करत जायची. “तुरी बसल्या पाह्य याच्या,” किंवा “यानं कपाशी कावून ठेवली अजून?” तिचं जाणं बहुतेक पातूरलाच असे, धाकटी बहीण सुंदराबाई हिच्याकडे. दर हिवाळ्यात दोघी बहिणी सुंदराबाईच्या अंगणात मुंगवड्या घालायच्या. एकीने पीठ फेसायचं, दुसरीने कापडावर वड्या टाकायच्या, आणि दोघींनी मिळून साऱ्या नातेवाइकांची निंदा करायची. सुंदराबाईचा नवरा अंथरुणावर होता, त्यामुळे तिला घर सोडून इकडे येता येत नव्हतं.

आणि गीतांजलीचं स्वतःचं काय? नर्सरी हा तिचा एक धंदा, काळजी हा दुसरा. मुलगी आरती अमरावतीला होस्टेलवर. तिला सकाळी फोन, ती जेवली का म्हणून दुपारी फोन, पोचली का म्हणून संध्याकाळी. “आई, मी मेसमधून रूमवर आली. जिना चढली फक्त,” असं आरती म्हणायची, तरी हिचा जीव जिन्यातच अडकलेला.

दिवाळीची सुट्टी संपवून आरतीला सोडायला ती अमरावतीला गेली, तेव्हाची गोष्ट. येताना दातांचे डॉक्टर कुलदीप यांच्याकडे गुलाबाच्या कुंड्या द्यायच्या होत्या. त्यांच्या अंगणात ती गाडी उभी होती. दोनच सीटा. टप नाही, दाराला काच नाही, एसी नाही, गाणी लावायचं यंत्रही नाही. गाडी इतकी बुटकी की अंगणातल्या तुळशीवृंदावनापुढे ती बसल्यासारखी वाटत होती. दक्षिणेकडल्या कोण्या हौशी माणसाने हाताने बांधलेली, निव्वळ पळवण्यासाठी.

“ताई, या गाडीनं माझी कंबर मोडली,” डॉक्टर म्हणाले. “दिवसभर रुग्णावर वाकायचं आणि मग हिच्यात घुसायचं. तुमची जीप पाहिली की हेवा वाटतो. करता का अदलाबदल?”

डॉक्टर थट्टेत बोलले होते. गीतांजलीने किल्ली मागितली. बडनेऱ्यापर्यंत जाऊन येते म्हणाली.

ती गाडी चालवणं म्हणजे काय होतं हे तिला नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. बूड रस्त्यापासून वीतभर वर. स्टिअरिंग जड, दगडासारखं. प्रत्येक खडा हाताला कळत होता, इंजिनाचा आवाज पाठीतून आत शिरत होता. शेजारची सीट रिकामी होती. मागे तर सीटच नव्हती. मागे कोणी बोलत नव्हतं, कोणाच्या मांडीवरची पाटी कलंडत नव्हती. बडनेऱ्याला तिने गाडी वळवली आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आरतीला होस्टेलवर सोडून बराच वेळ झाला आणि आपण तिला अजून एकही फोन केलेला नाही.

परत येऊन ती म्हणाली, “करू.”

घरी तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं.

घरच्यांनी मात्र रीत सोडली नाही. नवी गाडी म्हणजे पूजा आली. पार्बताबाईने काठी टेकत येऊन कुंकू लावलं, देवीदासने चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडीपुढे नारळ ठेवला. ट्रॅक्टरला ठेवतात, जीपला ठेवला होता, तसाच. गीतांजलीने गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली, आणि नारळ गाडीच्या पोटाखाली जाऊन असा रुतला की गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेवटी नर्सरीतल्या जमुनाने जमिनीवर आडवं पडून खुरप्याने तो ओढून काढला.

“देवानं नारळ घेतला नाई,” जमुना धूळ झटकत म्हणाली.

“देवाले बी वाकता येत नसन तेवढं,” देवीदास म्हणाला. मग गाडीला एक फेरी मारून त्याने विचारलं, “घरात माणसं चार, सीटा दोन. भूगोल माहा विषय हाय, पण गणित मलेबी येते.”

पार्बताबाईने त्या सीटकडे पाहिलं. विहिरीत किती पाणी आहे हे वाकून पाहावं, तसं.

पंधरवड्यात वड्यांचे दिवस आले. थंडी पडली, ऊन कोरडं झालं, सुंदराबाईचा फोन येऊन गेला. “उघडीच गाडी हाय नं,” पार्बताबाई म्हणाली. “पाहू जमते का.”

जमुनाने आणि गीतांजलीने तिला दोन्ही काखांत धरून, गोणपाटाची घडी टाकून, सीटमध्ये उतरवलं. हळू, धान्याचं पोतं उतरवतात तसं. गुडघे छातीशी आले. डोकं दाराच्या जरासं वर. वावरं काही दिसेनात; दिसत होती ती फक्त ट्रकांची चाकं. तरी ती म्हणाली, “चाल.”

पुढच्या गावात शाळेसमोर गतिरोधक होता. उंच, गावकऱ्यांनी स्वतः घातलेला. एकटी असताना गीतांजली तो तिरका घेऊन कशीबशी पार व्हायची. दोघींच्या वजनाने गाडीचं पोट त्याच्यावर टेकलं आणि कर्रकन आवाज झाला. मागे ट्रॅक्टर, त्याच्यामागे एसटी.

“आत्याबाई, उतरावं लागेल जरा,” गीतांजली म्हणाली. हे म्हणताना तिने सासूकडे पाहिलं नाही.

उतरवायला पानठेल्यावरची दोन माणसं धावली. एकाने हात धरले, एकाने कंबर. पदर सुटला. म्हातारीच्या तोंडून एक कण्हणं निघालं ते तिने लगेच गिळलं. शाळेची पोरं फाटकाला लटकून हसत होती. गाडी पार झाली, आणि तिला पुन्हा आत उतरवायला तीच माणसं पुढे आली, तेव्हा पार्बताबाईने हात वर केला.

“समोर असे किती हायेत?”

“पातूरपर्यंत... आहेत बरेच.”

“मंग राहू दे. तू जाय, सुंदराले दाळ देऊन ये. मले ऑटोत बसवून दे घराकडं.”

गीतांजलीने तिला ऑटोत बसवलं. डाळीची पिशवी घेऊन ती पातूरला गेली. सुंदराबाई दारातच उभी होती. तिने पिशवी घेतली, गाडीच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई कुठी हाय?” गीतांजलीने गुडघ्यांचं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच सांगता आलं.

त्या रात्री तिने ठरवलं, डॉक्टरांकडून जीप परत आणायची. सकाळी देवीदासला सांगून ती अमरावतीला निघाली.

दवाखान्यासमोर कडुनिंबाखाली जीप उभी होती. डॉक्टर बाहेर आले ते ताठ चालत. “ताई, उपकार झाले तुमचे. पट्टा सुटला कमरेचा. बायको म्हणते, माणसात आलात.” चहा झाला. गुलाबावरच्या किडीची चौकशी झाली. गीतांजलीने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा किडीबद्दलच बोलली. यांच्या कमरेचं काय, असं ती मनात म्हणत होती. मोठं सोयीचं कारण होतं ते. दारापर्यंत पोचवायला आलेले डॉक्टर म्हणाले, “काही काम होतं का ताई? सहज आलात?”

“सहजच,” ती म्हणाली.

परतीच्या रस्त्यावर मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्हीकडे हरभरा हिरवागार, ऊन मऊ, रस्ता मोकळा. तिने गाडी सुसाट सोडली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, आणि आपण हसतो आहोत हे तिला गाल ताणले गेल्यावर कळलं. मग तिने वेग कमी केला. ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जाऊ लागले तरी ती डाव्या कडेने हळूहळू येत राहिली, जणू हळू आलं की केलेलं थोडं कमी होणार होतं.

“काय म्हणे डॉक्टर?” देवीदासने विचारलं.

“नाही म्हणाले.”

“झालेला सौदा कोण मोडते,” देवीदास म्हणाला आणि पेपरात शिरला. पार्बताबाई खाटेवर बसली होती. तिने एवढंच म्हटलं, “असं का.”

त्या रात्री म्हातारीने घरीच डाळ भिजत घातली. सकाळी अंगणात सुती धोतर पसरलं, पाटा धुऊन घेतला. “एकटीनं नाई होत हे काम,” ती म्हणाली. “सुंदराच्या जागी तू बस.”

पार्बताबाई पीठ फेसत होती, गीतांजली वड्या टाकत होती. तिची प्रत्येक वडी पडली की पसरायची.

“चुटकी सैल हाय तुही. सुंदराची वडी उभी राहते.”

“सवय नाही मला.”

“कवा होईन? सुंदरानं अन् म्या लग्नाच्या आधीपासून घातल्या. एक सालबी खाडा नाई.” ती फेसत राहिली. “सुंदराचा नवरा येता उन्हाळा पाहत नाई असं म्हणे पातूरचा डॉक्टर. तिले एकटीले रडाले बी फुरसत नाई तिथी. वड्या घालता घालता रडून घेते ते. पिठातच.”

गीतांजलीच्या बोटांवरचं पीठ वाळायला लागलं होतं.

“आत्याबाई, डॉक्टर नाही म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. “मी विचारलंच नाही.”

पार्बताबाईचा हात थांबला नाही. “कावून?”

कमरेचं कारण तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने तिथेच ठेवलं. “त्या गाडीत कोणी मावत नाही ना, म्हणून. कोणी बसवून ने म्हणत नाही, कोणाला वाटेत सोडावं लागत नाही. मला तेच आवडलं.”

“म्या बी मावत नाई.”

“तुम्हीही.”

शेजारच्या छतावर कोणीतरी गादी बडवत होतं. गीतांजलीने आणखी एक वडी टाकली; तीही पसरली.

“खरं बोलली ते बरं केलं,” पार्बताबाई शेवटी म्हणाली. “तुह्याएवढी होती तवा म्या बी पाखरं हाकलाच्या निमितानं मचाणावर जाऊन बसो. ज्वारी निंगून गेली तरी बसो. घरी सासू आजारी होती माही.” पिठाचं भांडं तिने गीतांजलीकडे सरकवलं. “म्या उतरली नाई लवकर. आता वाटते, उतराले पायजे होतं.”

गीतांजलीने पदराला हात पुसले आणि फोन लावला. डॉक्टरांनी लगेच उचलला.

“जीप परत पाहिजे डॉक्टरसाहेब. काल हेच मागायला आले होते, बोलता आलं नाही.”

“का हो ताई? गाडी आवडली नाही?”

“फार आवडली. म्हणूनच आज येऊ का? उद्यावर नका टाकू.”

पलीकडून डॉक्टरांचा उसासा ऐकू आला, कंबर धरून खुर्चीत बसताना काढतात तसा. “या,” ते म्हणाले. “शब्द तर थट्टेतच दिला होता मी.”

आता एका चांगल्या माणसाची पाठ दुखणार होती, तेही तिच्याच पायी. फोन ठेवून ती उभी राहिली. किल्ली खुंटीवरून काढताना तिला वाटलं, जाताना तरी मनासारखी चालवून घ्यावी. असं वाटल्याचीही तिला लाज वाटली.

“जाय,” पार्बताबाई मागून म्हणाली. “अन् येता येता आरतीले दोन दिवसासाठी घेऊन ये. जमुनाची भाची बी तिथी स्टँडवर येऊन राहिली, तिले बी बसवजो. जागा हाय आता.”

“बरं,” गीतांजली म्हणाली.