स्कॅनमध्ये न आलेला लाल रंग

आमच्या ट्रस्टची दोन रुग्णालयं होती, एक नांदेडला आणि एक लातूरला. नांदेडच्या रुग्णालयात मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे मी आणि दोन ऑपरेटर. एका सकाळी अध्यक्षांनी बोलावून सांगितलं की आता सगळं डिजिटल करायचं, लातूरला दाखवलेल्या पेशंटचे कागद इथल्या डॉक्टरला पडद्यावर दिसले पाहिजेत. कल्पना मला मनापासून पटली. आठ दिवसांत मी आराखडा लिहून दिला.

मग बैठका सुरू झाल्या. विश्वस्त, मोठे डॉक्टर, सॉफ्टवेअर कंपनीचे लोक आणि मी. एक अख्खी दुपार पडद्यावर ट्रस्टचं चिन्ह कुठे हवं यात गेली. लातूरची रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या काकांना यातल्या एकाही बैठकीला बोलावलं नाही. त्यांना बोलवावं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. पुढे मी इतरांवर बराच राग काढला, म्हणून हे आधी कबूल करते.

काकांना मी भेटले होते, पण एकदाच. स्कॅनिंगसाठी किती गठ्ठे आहेत ते पाहायला लातूरला गेले होते. त्यांनी चहा मागवला, एक केसपेपर काढला आणि कुठल्या खुणेचा काय अर्थ ते समजवायला लागले. मला नांदेडची बस गाठायची होती. नंतर निवांत बसू, असं म्हणून मी निघाले.

स्कॅनिंग काळं-पांढरं करायचं ठरलं. ते लवकर होतं, आणि उद्घाटनाला पाहुण्यांनी तारीख दिलेली होती. रंगाचा प्रश्न कुणी काढला नाही, मीही त्या कागदावर सही केली. मी अडले ते दुसऱ्या गोष्टीवर. म्हटलं, महिनाभर कागद आणि पडदा शेजारी ठेवून तपासू, मग सुरू करू. दोनदा लेखी दिलं. अध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांची तारीख पुन्हा मिळायची नाही, तपासणी नंतर करता येईल. नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी मी तपासणीचं विचारलं, तेव्हा आता कशाची तपासणी, असं मलाच विचारण्यात आलं.

दोनेक महिन्यांनी शिरूर अनंतपाळकडच्या एक बाई नांदेडला लेकीकडे आल्या होत्या. ताप आणि खोकला घेऊन त्या आमच्याकडे आल्या. तरुण डॉक्टरनं पडद्यावर त्यांचे लातूरचे कागद उघडले. एका इंजेक्शनच्या नावाखाली ठळक रेघ होती. आमच्या दोन्हीकडे पद्धत अशी की लागू पडलेल्या औषधाखाली डॉक्टर निळ्या पेननं रेघ मारतात. त्यानं तेच इंजेक्शन लिहून दिलं.

सिस्टर सुई भरत होत्या. त्यांची जुनी सवय, टोचण्याआधी विचारायचं की कुठल्या औषधानं कधी त्रास झाला होता का. बाई म्हणाल्या, "लातूरला एक इंजेक्शन दिलं तवा अंग सगळं सुजलं, श्वास घेता येईना. तिथल्या काकांनी कागदावर लाल करून ठिवलंय की."

सिस्टरनी सुई खाली ठेवली. थोड्या वेळानं डॉक्टर माझ्या खोलीत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, यात लाल कुठंय?"

त्रास झालेल्या औषधाखालची काकांची लाल रेघ आणि डॉक्टरांची निळी रेघ आमच्या स्कॅनमध्ये सारखीच काळी होती. जे औषध देऊच नये, ते सगळ्यात चांगलं औषध दिसत होतं.

मी अध्यक्षांना फोन केला. लातूरचे जुने कागद तूर्त कुणी उघडू नयेत, एवढी परवानगी मागितली. ते म्हणाले, बाईंना काही झालं नाही ना, मग गवगवा नको. मी परवानगीशिवायच ते कागद पडद्यावर दिसणं बंद केलं आणि सकाळच्या बसनं लातूरला निघाले. वाटेत एकच धास्ती होती. स्कॅन झाले की केसपेपर रद्दीत द्यायचे, असं पत्र आमच्याच कार्यालयातून गेलेलं होतं.

काका रेकॉर्ड रूमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून कुलूप काढलं. गठ्ठे जागच्या जागी होते.

"रद्दीवाला दोनदा येऊन गेला," ते म्हणाले. "चावी सापडंना म्हनलं."

मला रडू आलं. त्या दिवशी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"सांगतच हुतो की, ताई. तुमची बस हुती."

पुढचे तीन महिने मी आठवड्यातले तीन दिवस लातूरला काढले. काका गठ्ठा सोडायचे, लाल रेघेचे कागद वेगळे करायचे, मी प्रत्येक पेशंटच्या नावापुढे इशारा टाकायची. काही कागदांवर शाई विटून लाल की निळी ते कळत नव्हतं. तिथे काका पेशंटचं गाव आठवून सांगायचे. त्यांची खात्री नसली की आम्ही लेकी-सुनांना फोन लावायचो. तरी शंभर टक्के काम झालं, असं मी आजही म्हणणार नाही.

अहवालात मी काकांचं काम स्पष्ट लिहिलं आणि त्यांना डिजिटलच्या बैठका घेणाऱ्या समितीत घ्या म्हटलं. समितीनं सॉफ्टवेअर कंपनीचा सत्कार केला. काका त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाला मी लातूरला गेले, तर अध्यक्षांचा फोन आला, बैठकीला का नाही म्हणून.

आता नवं सॉफ्टवेअर येतंय. आराखडा पुन्हा माझ्याकडेच आला. पहिलं कलम मी लिहिलं की दोन्हीकडच्या रेकॉर्ड रूम, सिस्टर आणि केसपेपरची खिडकी यांच्याजवळ आठ-आठ दिवस बसायचं. परवा मसुदा परत आला. ते कलम काढलेलं होतं. कडेला शेरा होता, हा तांत्रिक मुद्दा नाही. मी ते पुन्हा लिहून पाठवलंय. अजून उत्तर नाही.