बोरूच्या पैशांचा फेटा

कराडात लग्नपत्रिका छापणारे कुतुबुद्दीनचाचा बोलायला गोड माणूस. तरी अठ्ठ्याण्णव साली मी त्यांच्यावर अशी भडकले, की आठवडाभर त्यांच्या छापखान्याची पायरी चढले नाही.

संगणकावर मराठी टाइप करण्यासाठी आम्ही ‘बोरू’ नावाचा प्रोग्रॅम केला होता. अगदी फुकट. वर कोणीही तो उघडून आतलं काम बघावं, सुधारावं, पुढच्याला द्यावं, अशी मुभा. प्रोग्रॅम लिहायची मी, चुका काढायचे निवृत्त मास्तर विष्णुपंत आणि संगणक चाचांचा. आमचं काम चालू असलं की चाचा आपल्या पत्रिका जुन्या पद्धतीनं, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापत बसायचे. तो संगणक आता इतका म्हातारा झाला होता, की दर अर्ध्या तासाला मान टाकायचा. नवा आला नाही, तर बोरूचं काम बंद पडणार हे नक्की होतं.

अशात अमेरिकेतून वीस हजार रुपये आले. पाठवणारे हंबीरराव मूळचे पलूसचे. अमेरिकेतल्या मराठी मंडळाचा अंक ते बोरूवर काढायचे.

पैशांचं काय करायचं, यावर छापखान्यात बैठक बसली. मी म्हणाले, नवा संगणक. विष्णुपंत म्हणाले, बँकेत मुदत ठेव.

“हंबीररावांचा सत्कार,” चाचा म्हणाले.

“चाचा, पैसे बोरूसाठी आलेत!”

“आगं पोरी, संगणक चाळीस हजाराचा. ईस हजारात अर्धा मिळतोय व्हय?”

“म्हणून आहेत ते फेट्यावर उडवायचे?”

“फेटा बांधलेला माणूस स्टेजवरनं तसाच उतरत न्हाई. लय बघितल्यात मी.”

हा काय हिशेब झाला? पण अध्यक्षीय भाषण मास्तरांनीच करायचं, असं चाचांनी म्हणताच मुदत ठेव विरघळली. दोन विरुद्ध एक.

डिसेंबरात हंबीरराव गावी आले. मांडव उभा राहिला, हलगी वाजली, फेटा, शाल, नारळ, पेढे. बोरूची तिजोरी रिकामी. विष्णुपंत बोलायला उभे राहिले ते बसेचनात. मग हंबीररावांनी आईची आठवण काढली, शाळेची काढली, डोळे पुसले, सर्वांचे आभार मानले आणि खाली बसले.

देणगीचा शब्दही नाही. संपला बोरू! चाचांचा गळा धरावासा वाटला मला.

चाचा शांतपणे माइकपाशी गेले.

“आवं साहेब, फोटोवाला थांबलाय. देणगी जाहीर करतानाचा तुमचा फोटू तेवढा राहिलाय.”

मांडवात टाळ्यांचा कडकडाट. हंबीरराव बावचळले, फेटा सावरत उठले आणि म्हणाले, “बोरूला नवा संगणक माझ्याकडून!” फ्लॅश उडाला.

संगणक आला त्या दिवशी आम्ही पुन्हा बैठक घेतली. मी मोठ्या आवाजात ठराव मांडला, की आता सत्कार चाचांचा. विष्णुपंतांनी भाषणाच्या आशेनं लगेच अनुमोदन दिलं. पुन्हा दोन विरुद्ध एक, आणि या वेळी मी जिंकणाऱ्या बाजूला!

चाचा फडक्यानं जुना संगणक पुसत होते.

“माझा नगं,” ते म्हणाले. “फेटा बांधला की मलाबी काय तरी जाहीर करावं लागंल. आन् माझ्याकडं व्हतं, त्ये तर मी आदीच दिऊन बसलोय.”