पहिल्या बोंडाची राख

एकोणीसशे अडतीस साल. मी चोवीस वर्षांचा होतो आणि घराचा कारभार थोरल्या भावाकडे होता. शाळा म्हणाल तर मी मराठी तिसरीपर्यंतच गेलो. तरी हे लिहितो, कारण लोक अजूनही जखमेत राख कोंबतात आणि ते पाहून माझं डोकं फिरतं.

आमच्या घरची रीत अशी. कापसाची पहिली वेचणी झाली, की शेताला दहीभात दाखवायचा आणि पहिल्या बोंडांचा कापूस जाळून त्याची राख पितळेच्या डबीत भरायची. वर्षभर कोणाला कापलं, खरचटलं, की तीच राख. डबी कोनाड्यात असे आणि तिला हात लावायचा मान फक्त थोरल्याचा. बारीक जखमा तर आपोआपच भरतात, पण नाव व्हायचं राखेचं.

त्या दिवशी मी मोताळ्याच्या बाजाराला गेलो होतो. इकडे ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. सकाळीच माझ्या बायकोचा विळा ज्वारीच्या ताटावरून सटकला आणि डाव्या अंगठ्याच्या बुडात घुसला. थोरल्याने डबी आणली, जखम राखेने भरली, वर चिंधी आवळली आणि तिला सावलीत बसवलं. दुपार कलता मी आलो तर चिंधी गच्च भिजलेली. मी ती सोडली. राखेच्या चिखलाखाली जखमेचे दोन्ही ओठ फाकलेले, आत पांढरं दिसत होतं.

मी म्हणालो, दवाखान्यात नेतो, टाके पडतील. थोरला सगळ्या मजुरांसमोर हसला.

"माणूस म्हणजे का पोतं आहे बे, दाभणानं शिवाले? आपल्या बापाले कधी टाके पडले?"

"बाप लंगडतच मेला, दादा," मी म्हणालो. "त्याच्या पायातही हेच भरलं होतं."

तो उठून माझ्या अंगावर आला. बाया मधे पडल्या. मी बैल जुंपले. त्याने जू धरून ठेवलं, म्हणाला बैल माझे आहेत. मी हातातलं बैल हाकायचं तुतारं त्याच्या बोटांजवळ आपटलं तेव्हा त्याने जू सोडलं.

मलकापूरच्या दवाखान्यात पोचेतो दिवे लागले होते. वाटभर बायको एकच बोलली, अंगठा गेला तर वेचणी कशी करू? वेचणीत तिच्यापुढे गावातली एक बाई जात नव्हती.

डॉक्टर आधी तिच्यावर नाही, माझ्यावर खवळला. राख कोणी भरली? मी सांगितलं नाही. घरातलं नाव बाहेर काऊन सांगू? निम्मा वेळ ती राख धुण्यातच गेला. ती पदर चावून बसली होती. मग तो म्हणाला, अंगठा वळवा बाई. तो वळला, पण थोडाच. अंगठा वळवणारी आतली दोरी अर्धी कापली गेली होती.

टाके घालता घालता त्याने मला सुनावलं. स्वच्छ फडकं दाबून धरायचं, हात वर ठेवायचा. तरी रक्त थांबत नसेल, जखम उघडी राहत असेल, सांध्याजवळ असेल, तर त्याच दिवशी यायचं, लगेच. जखमेत काही भरायचं नाही. मला त्याची बोलायची तऱ्हा मुळीच आवडली नाही. पण शब्द न् शब्द ध्यानात ठेवला.

हात वाचला. अंगठा मात्र पुरा वळला नाही, शेवटपर्यंत. सकाळीच नेलं असतं तर वळला असता, हे मी आजही म्हणतो आणि थोरल्याच्या लेकरांना राग आला तर येऊ द्या.

रातोरात परत आलो. सकाळी थोरला ओसरीवर राखुंडीने दात घासत बसला होता. त्याच्या डोळ्यांदेखत मी कोनाड्यातली डबी काढली, राख उकिरड्यावर झटकली, डबी चिंचेने घासून उकळत्या पाण्यातून काढली. मग माझं नवं धोतर फाडून त्याच्या पट्ट्या उकळल्या, उन्हात वाळवल्या, डबीत भरल्या आणि डबी परत कोनाड्यात ठेवली.