निळ्या झाकणाची बरणी

चौदा जुलै, सोमवार. तीन हजार दोनशे चाळीस रुपये. मुलामागे नव्वद, मुलं छत्तीस, तास सहा. पाचवीच्या बाईंनी पाकीट हातात दिलं तेव्हा गांडूळसरांनी ते न मोजता खिशात घातलं आणि मग जिन्यात थांबून मोजलं. रक्कम बरोबर होती. त्यांच्या धंद्यात पैशाचा गोंधळ कधी झाला नाही. त्या वर्षी झाला तो बियांचा.

गांडूळसर हे नाव मुलांनी ठेवलेलं. आधी ते एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. चाळिशी ओलांडल्यावर नोकरी सोडली, एक जुनी टेम्पोव्हॅन घेतली आणि तिच्यात शेत भरलं. मातीचे चार नमुने, गांडुळांचा खोका, अंडी उबवायची पेटी, भिंगं, काचेच्या बरण्या, टीपकागदाचे गठ्ठे. मुलांना शेतावर न्यायला शाळांना जमत नाही, तर आपण शेत वर्गात न्यावं, एवढाच त्यांचा विचार. बायको त्या गाडीला फिरतं वावर म्हणायची. "वावर फिरतंय ते ठीक आहे," ती म्हणायची, "पण माझ्या हॉलमध्ये का मुक्कामाला येतं?"

पहिला तास नेहमी बरणीचा. काचेला आतून ओला टीपकागद लावायचा, कागद आणि काच यांच्यामध्ये घेवड्याच्या सहा बिया अडकवायच्या आणि आठवडाभर वाट बघायची. मूळ खाली जातं, कोंब वर येतो, मुलांना सगळं काचेतून दिसतं. सर फळ्यावर एकच वाक्य लिहायचे: दिसेल तेच लिहा. त्याखाली दोन रेघा मारायचे.

आणि तरीही त्यांची एक सवय होती, जी त्यांनी कुठल्याच फळ्यावर लिहिली नव्हती. गाडीत ओल्या पोत्याखाली एक ट्रे असायचा, परसातल्या स्वतःच्या ताज्या बियाण्याला मोड आणलेला. दुसऱ्या तासाच्या दिवशी ते शाळा भरायच्या आधी यायचे, शिपायाकडून वर्ग उघडून घ्यायचे आणि ज्या बरणीत काही उगवलं नसेल तिच्यात ट्रेमधल्या बिया सरकवायचे. वर्गात अशी एखादी-दुसरी बरणी निघायची. आपलीच बरणी मेली म्हणून रडणारं मूल त्यांना बघवत नसे. एकवीस वर्षांत याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. नवऱ्याने पानात केस दिसल्यावर गुपचूप बाजूला काढावा, तितकीच ही गोष्ट.

त्या वर्षी बियाण्याच्या दुकानदाराने गेल्या हंगामातली पिशवी अर्ध्या किमतीत देऊ केली. "उगवेल का?" सरांनी विचारलं. "तुम्हीच मास्तर," दुकानदार म्हणाला, "मला काय विचारता?" एरवी ते दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आधी पारखून घ्यायचे. त्या आठवड्यात गाडीचा क्लच गेला होता, तीन शाळांच्या तारखा गळ्याशी आल्या होत्या. पारख राहून गेली.

तर चौदा जुलैला छत्तीस बरण्या कपाटावर रांगेत लागल्या. रोज पाणी घालायला एकच मूल नेमायचं, नाहीतर छत्तीस जण मिळून बियांना पोहायला शिकवतात, असा सरांचा अनुभव. बाईंनी मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे केली. हडकुळी, दोन वेण्या, बोलणं कमी.

"ही नीट करेल," बाई म्हणाल्या. "हिला सांगितलं की ही विसरत नाही. न सांगितलेलंही विसरत नाही, हीच पंचाईत."

मुलीने विचारलं, "सर, पाणी कुठलं घालायचं?"

"नळाचं. कुठलं म्हणजे काय?"

"शाळेच्या टाकीचं का? त्याने हात धुतले की हात चिकट राहतात."

वर्ग हसला. सरही हसले. मुलगी हसली नाही. तास संपल्यावर ती गाडीपाशी आली आणि म्हणाली, "मला सहा बिया जास्तीच्या द्याल? घरच्या पाण्यावर लावून बघते."

सरांनी सहा बिया मोजून तिच्या तळहातावर ठेवल्या. "शाबास," ते म्हणाले. "याला म्हणतात प्रयोग. वहीत लिही हं सगळं." घरी जाऊन त्यांनी बायकोला कौतुकाने सांगितलंसुद्धा, की एवढ्या वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पुढच्या सोमवारी सकाळी सव्वासहाला शिपायाने वर्ग उघडला आणि सर कपाटापाशी गेले. बरण्यांमध्ये बिया होत्या तशाच होत्या, नुसत्या फुगून पिवळट झालेल्या. दोनशे सोळा बियांपैकी अकरांना मोड, तेही मरतुकडे. पहिला विचार आला तो पिशवीचा. अर्धी किंमत. जुनं बियाणं. मुख्याध्यापिकाबाई आणखी चार शाळांना त्यांचं नाव सुचवणार होत्या, हा दुसरा.

त्यांनी गाडीतून ट्रे आणला आणि भराभर कामाला लागले. मेलेली बी काढायची, मोडाची सरकवायची, मूळ मोडू द्यायचं नाही. पस्तीस बरण्या झाल्या आणि तिन्ही शाळांसाठी भरलेला ट्रे संपला. तेवढ्यात रांगेच्या टोकाला त्यांना एक निराळी बरणी दिसली, बसकी, निळ्या झाकणाची, बिनचिठ्ठीची. आतल्या साही बियांना बोटभर कोंब. कुणाची, कुठून आली, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. पण बाहेर घंटेची वेळ होत आली होती. त्यांनी त्या सहा बिया उचलून छत्तिसाव्या बरणीत लावल्या आणि रिकामी बरणी गाडीत टाकली.

दुसरा तास एरवीसारखाच रंगला. मुलं आपापल्या बरण्या कवटाळून नाचली. एकाने कोंबाला मामाचं नाव दिलं, कारण मामाही असाच वाकून चालतो. मग बाई वह्या तपासू लागल्या आणि एका वहीवर थांबल्या.

"हे काय गं? शुक्रवार, छत्तीस बरण्या, टाकीचं पाणी, मोड अकरा. अकरा? डोळे आहेत का बटणं?"

"बाई, शुक्रवारी अकराच होते."

"आणि आज दोनशे सोळा? काय, शनिवार-रविवारी बियांनी सभा घेऊन ठरवलं?"

वर्गात हशा पिकला. मुलगी उभी राहिली. "खाली लिहिलंय बघा. घरचं पाणी, सहापैकी सहा. मी ती बरणी शुक्रवारी आणून तिथे ठेवली होती. निळ्या झाकणाची."

"कुठे आहे?"

मुलीने कपाटाकडे पाहिलं. मग सरांकडे. ती मदत मागत होती, कारण खोटं कोण बोलतंय याचा निवाडा करू शकणारा वर्गात एकच माणूस होता. ती बरणी तिथून वीस पावलांवर, फाटकापाशी उभ्या गाडीत होती. सरांनी घसा साफ केला.

"कधी कधी," ते म्हणाले, "दोन दिवसांत एकदम मोड येतात. घाईत बघितलं असेल तिने."

बाईंनी त्या पानावर लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं: नीट बघून लिहावे. मुलगी खाली बसली. ती रडली असती तर सरांना सोपं गेलं असतं. रडणाऱ्या मुलाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

घरी गाडी रिकामी करताना बायकोला बरणी सापडली. "ही कुणाची? आपल्याकडे निळं झाकण नाही."

सरांनी सांगितलं. सगळं सांगितलं, कारण तिच्यापुढे त्यांना अर्धवट सांगता येत नसे.

"पोरीची बरणी लंपास केलीत," बायको म्हणाली, "आणि वर तिलाच आंधळी ठरवलंत. उद्या देऊन या. आणि बाईंपुढे सांगा."

"उद्या दुसऱ्या शाळेत तास आहे. पुढच्या महिन्यात जाणारच आहे तिकडे."

"पुढच्या महिन्यात," ती म्हणाली, आणि बरणी धुऊन फळीच्या टोकाला ठेवली.

पुढच्या महिन्यातला तास पाण्याचा होता. वेगवेगळ्या ठिकाणचं चमचाभर पाणी स्टीलच्या झाकण्यांवर घ्यायचं, स्पिरिटच्या दिव्यावर आटवायचं आणि तळाशी काय उरतं ते बघायचं. मुलांनी घरून बाटल्या आणल्या होत्या. त्यांच्या झाकण्यांवर पुसटसे डाग राहिले. शाळेच्या टाकीच्या पाण्याच्या झाकणीवर मात्र पांढरा जाड थर धरला. सरांनी नखाने खरवडून जिभेला लावला. खारट. उन्हाळ्यात शाळेने नवी बोअर घेतली होती. मुलं पिण्याचं पाणी घरून आणत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सरांना एकदम सगळं कळलं. बियाणं चांगलं होतं. त्या रात्री त्यांनी जुन्या पिशवीतल्या दहा बिया फडक्यात गुंडाळल्या; चार दिवसांनी नऊ उगवल्या. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच. छत्तीस बरण्यांनी आणि एका बरणीने मिळून खरं उत्तर समोर मांडून ठेवलं होतं, आणि त्यांनी ते आपल्या हातांनी, मूळ न मोडता, उपसून टाकलं होतं.

पण हे चार दिवसांनंतरचं. त्या क्षणी वर्गात त्यांनी झाकणी हातात धरून मागच्या बाकाकडे पाहिलं. मुलगीही झाकणीकडेच बघत होती. तिच्यापुढची वही कोरी होती.

"तू काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही फळ्यावर लिहिलं की लिहिते."

"तुला काय दिसतंय?"

"तुम्ही सांगा ना, सर."

त्याच वेळी बाईंनी झाकणी पाहिली आणि धावत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन आल्या. गलका झाला. बोअरचं पाणी तपासायला गेलं, नळांची जोडणी बदलली, त्याच पाण्यावरचा शाळेमागचा वाफा वाचला. पंधरा दिवसांनी सरांना शाळेच्या शिक्क्याचं पत्र आलं: आपल्या चिकित्सक दृष्टीमुळे ही बाब उघडकीस आली, शाळा आपली आभारी आहे. चार शाळांची कामंही मिळाली. पत्र त्यांनी फ्रेम करून आणलं. बायकोने ते लावायला खिळा दिला नाही, म्हणून त्यांनी स्वतः ठोकला.

बाईंना त्यांनी एकदा गाठलं, हेही खरं. व्हरांड्यात, मधल्या सुट्टीत. "त्या मुलीचं ते अकरा," ते म्हणाले, "बरोबर होतं बहुतेक."

"कुठलं अकरा?" बाईंच्या हातात चाचणीचे पेपर होते. "अहो सर, ती आता छान नीट लिहिते. फळ्यावरचं अक्षरन् अक्षर. काळजी नका करू."

ते "बहुतेक" त्यांनी का घातलं, हे त्यांना पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही. ते वगळून वाक्य पुन्हा म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. बाकीच्या तीन तासांत मुलीने फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं, कोंबडीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडताना इतर मुलं टेबलावर चढली तेव्हासुद्धा. वर्ष संपलं, पाचवी सहावीत गेली.

ट्रे मात्र त्यांनी त्या पाण्याच्या तासापासून बंद केला. कुणाची बरणी मेली तर मेली. रडणाऱ्या मुलाला ते म्हणायचे, "मेलेलीसुद्धा काहीतरी सांगते, लिही." पण हे बदलणं त्या छत्तीस मुलांच्या नंतर आलेल्या वर्गांच्या कामी आलं.

अकरा वर्षांनी सरांना रक्तातली साखर तपासायला सांगितलं. रिपोर्ट घ्यायला ते दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले. खिडकीत बसलेल्या तरुणीने नाव विचारलं, कागद काढला आणि हसली.

"गांडूळसर ना?"

वेण्या नव्हत्या. बाकी तीच. सरांनी खिडकीची कड धरली. "तू इथे? तपासतेस का रक्त?"

"छे हो. तपासणारे आत. मी टाइप करते. आतून जो आकडा येतो तो टाकायचा, आपलं डोकं चालवायचं नाही." मग ती आणखी हसली. "तुमचा तास आठवतो. मी तेव्हा न बघताच लिहिलं होतं काहीतरी, बाई केवढ्या ओरडल्या होत्या. आणि वर बरणी आणली होती म्हणून थाप मारली होती मी. आई घरी शोधत बसलेली बरणी."

"नाही," सर म्हणाले. "तू आणली होतीस. अकराच होते. मी–"

"असू दे हो सर, लहान होते." तिने कागदावर शिक्का मारला. मागच्या माणसाने पावती पुढे सरकवली. "काका, जरा बाजूला होता का, मला कामावर जायचंय."

सर बाजूला झाले. दारापाशी पाच-सात मिनिटं उभे राहिले. खिडकीपुढची रांग कमी होईना, तेव्हा ते निघाले.

घरी बायकोने विचारलं, "किती आली?"

"एकशे ब्याण्णव," ते म्हणाले, आणि मग तिला खिडकीतलं सांगितलं. तिने फळीच्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरणी घेऊन जायची होती ना."

बरणी फळीच्या टोकाला आहे. परक्याची बरणी भरायची नाही म्हणून बायकोने तिच्यात कधी काही भरलं नाही. लॅब रविवार सोडून रोज सकाळी सात ते एक उघडी असते. एक काचेची बरणी, झाकणासकट, अजून द्यायची आहे.